कीकॅडची नववी आवृत्ती: जोडणी लक्षात राहते, पण कारण?

मी गेली अनेक वर्षे लहान आणि मध्यम आकाराचे सर्किट बोर्ड आखते आहे. त्यांत सेन्सरचे, बॅटरी चार्जिंगचे, मोटर चालवण्याचे असे बोर्ड असतात. बहुतेक दोन थरांचे, काही चार थरांचे. या कामासाठी आजवर चार निरनिराळी सॉफ्टवेअर हाताळली, त्यांतली दोन सशुल्क होती, आणि अखेर कीकॅडवर स्थिरावले. फेब्रुवारी २०२५ मध्ये आलेल्या त्याच्या नवव्या आवृत्तीवर सहा बोर्ड पूर्ण केल्यानंतर हे परीक्षण लिहीत आहे. स्किमॅटिक, म्हणजे घटकांच्या जोडण्या दाखवणारी आकृती, काढताना डिझायनरच्या मनात प्रत्येक घटकामागे एक कारण असते. ते कारण बोर्ड पूर्ण होऊन कारखान्याकडे जाईपर्यंत सॉफ्टवेअर कितपत सांभाळते, याच एका प्रश्नावर मी या आवृत्तीची पारख केली आहे.

प्रश्न एका साध्या उदाहरणाने स्पष्ट होईल. एखाद्या मायक्रोकंट्रोलरला वीजपुरवठ्याच्या चार पिना असतात आणि प्रत्येक पिनेजवळ १०० नॅनोफॅरडचा एक कपॅसिटर हवा असतो. चिपच्या आतले असंख्य ट्रान्झिस्टर एकाच क्षणी उघड-मीट करतात तेव्हा लागणारा विजेचा झटका दूरच्या रेग्युलेटरकडून वेळेत पोहोचत नाही. तो अगदी शेजारी ठेवलेल्या कपॅसिटरमधून मिळावा लागतो. ट्रॅकची, म्हणजे जोडणाऱ्या तांब्याच्या पट्टीची, लांबी वाढली की इंडक्टन्स (प्रवाहातल्या झटपट बदलाला होणारा विरोध) वाढतो आणि कपॅसिटर असून नसल्यासारखा होतो. हे सगळे स्किमॅटिक काढणाऱ्याला ठाऊक असते. परंतु कागद नीटनेटका दिसावा म्हणून अनेक जण हे चारही कपॅसिटर एका कोपऱ्यात ओळीने काढतात आणि एका टोकाला ३.३ व्होल्ट, दुसऱ्या टोकाला ग्राउंड जोडून मोकळे होतात. सॉफ्टवेअरच्या हाती उरते ती एवढीच माहिती की, हे चार घटक या दोन नेटच्या, म्हणजे विद्युतदृष्ट्या एकत्र जोडलेल्या पिनांच्या दोन संचांच्या, मध्ये आहेत. कोणता कपॅसिटर कोणत्या पिनेचा, हे त्यात कुठेच नसते. बोर्डवर ते चारही एकाच कडेला नेऊन ठेवले, तरी नियम-तपासणी एकही चूक दाखवत नाही. विद्युतदृष्ट्या जोडणी बरोबर असते आणि बोर्ड मात्र चुकलेला असतो.

कीकॅडचा इतिहास थोडक्यात सांगायला हवा, कारण आजच्या त्याच्या रूपाचा उलगडा त्यातूनच होतो. फ्रान्समधील ग्रनोब्ल येथे अध्यापन करणारे जाँ-पिएर शारा यांनी १९९२ मध्ये ते लिहायला घेतले. पुढे २०१३ च्या सुमारास सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेने त्याच्या विकासात भाग घेतला, आणि २०१९ मध्ये प्रकल्प लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली गेला. सुरुवातीला ती वेगवेगळी साधने एकत्र बांधलेली मोळी होती. स्किमॅटिकचा संपादक वेगळा, फूटप्रिंट (घटक बसवण्यासाठी बोर्डवर लागणारी पॅडची मांडणी) नेमून देणारा कार्यक्रम वेगळा, बोर्डचा संपादक वेगळा, आणि त्यांच्यामधून नेटलिस्टची, म्हणजे जोडण्यांच्या यादीची, फाइल आपणच हाताने इकडून तिकडे न्यायची. आज स्किमॅटिकमध्ये बदल करून एफ-आठ दाबले की, काय काय बदलणार आहे याची यादी समोर येते आणि आपण होकार दिल्यावर बोर्ड अद्ययावत होतो. उलट दिशेनेही, म्हणजे बोर्डवर बदललेले घटकांचे क्रमांक स्किमॅटिकमध्ये परत नेता येतात. डिसेंबर २०२१ मधील सहाव्या आवृत्तीपासून दोन्ही संपादकांची वागणूक एकसारखी झाली. माझ्या मते खरा पालट तिथे झाला. त्याआधीच्या आवृत्त्या पाहून ज्यांनी नाद सोडला असेल, त्यांनी पुन्हा एकदा पाहावे.

आता प्रत्यक्ष काम. ट्रॅक ओढण्याच्या साधनाबद्दल मी थोडे सविस्तर लिहिणार आहे, कारण दिवसाचा सर्वाधिक वेळ तिथेच जातो. पॅडवर कर्सर नेऊन एक्स दाबायचे आणि ओढू लागायचे. वाटेत दुसरा ट्रॅक आला तर तो आपणहून बाजूला सरकतो, त्याच्या पलीकडचाही सरकतो, मधली व्हाया (दोन थर जोडणारे छिद्र) लागली तर तीही हलते, आणि हे सगळे ठरवून दिलेले किमान अंतर राखूनच होते. गर्दीच्या बाजारातून हातगाडी नेताना माणसे जशी अंग चोरून वाट देतात, तसे ते दिसते. सरकायला जागाच उरली नाही की ट्रॅक तिथे थांबतो. एस्केप दाबले की सगळे पूर्ववत. हे ढकलत जाणारे राउटिंग सर्नच्या अभियंत्यांनी घडवले. नव्वद टक्के झालेल्या बोर्डात ऐनवेळी एक सिग्नल वाढवायची पाळी येते तेव्हा त्याची किंमत कळते. पूर्वी अशा वेळी मला पाच-सहा ट्रॅक पुसून पुन्हा काढावे लागत. डिफरन्शियल जोडी (एकच सिग्नल उलटसुलट रूपांत नेणारे दोन ट्रॅक) एकत्र ओढणे आणि लांबी जुळवण्यासाठी नागमोडी वळणे घालणे हेही इथेच होते, आणि मला लागते तेवढ्या कामासाठी ते पुरेसे भरवशाचे आहे.

स्वयंचलित राउटर मात्र कीकॅडमध्ये नाही. बाहेरचा फ्रीराउटिंग हा कार्यक्रम जोडून घेता येतो. मला त्याची उणीव कधी भासली नाही, कारण ट्रॅक कुठून न्यायचा हा निर्णय परतीचा प्रवाह ग्राउंडच्या थरातून कुठून वाहणार आहे हे पाहून घ्यायचा असतो, आणि तो निर्णय मला माझ्या हातात हवा आहे.

आता कारणांच्या मुद्द्याकडे येते. नवव्या आवृत्तीत मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट म्हणजे घटकांचे वर्ग. स्किमॅटिकमध्ये एखाद्या घटकाला किंवा पूर्ण पानाला वर्गाचे नाव द्यायचे, आणि ते नाव बोर्डच्या नियमांत वापरायचे. नेटचे वर्ग पूर्वीपासून होते. आता एका नेटला एकाहून अधिक वर्ग देता येतात. ऐकायला ही बाब किरकोळ वाटते, पण कामात तिचा फार उपयोग होतो. मोटरच्या बोर्डवर एकच नेट उच्च दाबाचेही असते आणि जास्त प्रवाहाचेही. पूर्वी अशा नेटसाठी ‘उच्च दाब व जास्त प्रवाह’ असा तिसराच वर्ग घडवावा लागे आणि अशा मिश्र वर्गांची संख्या वाढत जाई. आता दाबाचा वर्ग अंतर ठरवतो, प्रवाहाचा वर्ग रुंदी ठरवतो, आणि माझ्या डोक्यात या दोन गोष्टी जशा वेगळ्या असतात तशाच त्या फाइलमध्येही वेगळ्या राहतात.

यालाच जोडून स्वतः लिहायच्या नियमांचा उल्लेख करायला हवा. ते साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहायचे असतात: अमुक वर्गाची वस्तू आणि तमुक वर्गाची वस्तू यांच्यात किमान एवढे अंतर, अमुक भागात व्हाया नको, अमुक नेटची लांबी एवढ्यापेक्षा जास्त नको. प्रत्येक नियमाला नाव द्यावे लागते, आणि नियम मोडला की तपासणीच्या अहवालात ते नाव दिसते. हे लक्षात आल्यापासून मी नियमाच्या नावात आकडा लिहिणे सोडले आणि कारण लिहू लागले. ‘अंतर ६ मिमी’ या नावाऐवजी ‘मेनची बाजू हाताला लागणाऱ्या बाजूपासून अलग’ असे नाव दिले की, सहा महिन्यांनी तीच फाइल उघडणाऱ्या सहकाऱ्याला अहवाल वाचूनच गांभीर्य कळते. शिवाय एखादी तक्रार जाणूनबुजून वगळायची असेल तर वगळताना शेरा लिहून ठेवता येतो. बोर्ड तपासणाऱ्याला मला काय सांगायचे आहे, ते सांगण्याची जागा आता सॉफ्टवेअरमध्येच आहे.

मेनच्या विजेवर चालणारे बोर्ड करणाऱ्यांसाठी याच आवृत्तीत आणखी एक तपासणी आली आहे. दोन तांब्यांमधले हवेतले अंतर आणि बोर्डच्या पृष्ठभागावरून मोजलेले अंतर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, कारण धूळ आणि ओल साचली की वीज पृष्ठभागावरून वाट काढते. म्हणूनच ट्रान्सफॉर्मर किंवा ऑप्टोकपलरखाली बोर्डला आरपार खाच पाडतात, म्हणजे पृष्ठभागावरची वाट खाचेला वळसा घालून लांबते. आजवर हे अंतर मी पट्टीच्या साधनाने हाताने मोजत असे आणि प्रत्येक फेरबदलानंतर पुन्हा मोजत असे. आता नियमात अंतर दिले की सॉफ्टवेअर खाचेभोवतीची सर्वांत आखूड वाट स्वतः शोधते आणि ती कमी पडली तर दाखवते. मोठ्या बोर्डवर या तपासणीला वेळ लागतो. सुरक्षिततेच्या बाबतीत तो लागू द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

पण मघाच्या कपॅसिटरच्या उदाहरणाला नववी आवृत्तीही पूर्ण उत्तर देत नाही. किमान अंतर सांगणारे नियम भरपूर आहेत. ‘हा घटक त्या पिनेपासून २ मिलिमीटरच्या आत हवा’ असे कमाल अंतर सांगणारा सरळ, सोपा नियम नाही. नेटच्या लांबीवर मर्यादा घालता येते, परंतु वीजपुरवठ्याची जोडणी बहुधा तांब्याच्या सलग पसाऱ्यातून होत असल्यामुळे तिथे लांबी मोजण्याला अर्थ उरत नाही. त्यामुळे मी जुनाच मार्ग धरते: स्किमॅटिकमध्येच प्रत्येक कपॅसिटर त्याच्या पिनेला चिकटून काढते, मग पान थोडे गजबजलेले दिसले तरी चालेल. दोन्ही संपादक शेजारी उघडे ठेवले की स्किमॅटिकमध्ये निवडलेला घटक बोर्डवर उजळतो, आणि त्या आधाराने मी एकेक कपॅसिटर जागेवर नेते. सॉफ्टवेअरमध्ये एकच सुधारणा मागण्याची मुभा मला मिळाली, तर मी हीच मागेन. स्किमॅटिकमध्ये घटक आणि पिन यांच्यात ‘जवळ हवा’ एवढे नाते नोंदवता यावे, आणि ते नाते बोर्डवर नियम बनून उतरावे.

ग्रंथालयाबद्दल, म्हणजे सिम्बॉल (स्किमॅटिकमधली घटकाची खूण) आणि फूटप्रिंटच्या साठ्याबद्दल, माझा एक अनुभव सांगते. तो कीकॅडवरचा नाही. त्या वेळी मी दुसरे एक सॉफ्टवेअर वापरत होते, आणि चूक माझीच होती. एसओटी-२३ नावाच्या तीन पायांच्या लहानशा आवरणात ट्रान्झिस्टर येतात. पायांना १, २, ३ असे क्रमांक असतात, पण कोणता क्रमांक बेसचा, कोणता एमिटरचा आणि कोणता कलेक्टरचा हे प्रत्येक भागाच्या माहितीपत्रकात पाहावे लागते. पुष्कळ भागांत १ बेस, २ एमिटर आणि ३ कलेक्टर असतो, सगळ्यांत नाही. मी सवयीने सिम्बॉल निवडले, तपासणी स्वच्छ आली, बोर्ड छापून आले, घटक बसवले, आणि रिले काही केल्या ओढेना. मल्टिमीटर लावून एकेक पाय तपासत गेले तेव्हा लक्षात आले की, एमिटर आणि कलेक्टरची अदलाबदल झाली आहे. तीन बोर्डांवरचे ट्रान्झिस्टर काढून, उलटे करून, बारीक तारांनी जोडून चाचणी पार पाडली. सॉफ्टवेअरच्या दृष्टीने त्या आराखड्यात काहीच वावगे नव्हते. सिम्बॉलवरचा क्रमांक आणि फूटप्रिंटवरचा क्रमांक जुळत होता. जुळत नव्हते ते माहितीपत्रक, आणि ते सॉफ्टवेअरच्या नजरेत कुठेच नव्हते.

त्या दिवसापासून मी प्रत्येक सिम्बॉलमध्ये एक जादा रकाना ठेवते: तपासणी कोणी केली, माहितीपत्रकाची कोणती आवृत्ती पाहिली, कोणत्या पानावर पायांची आकृती आहे. कीकॅडमध्ये असे रकाने हवे तेवढे वाढवता येतात आणि सगळ्या घटकांचे रकाने एका तक्त्यात एकत्र पाहता येतात, त्यामुळे रिकामा रकाना लगेच नजरेत भरतो. नवव्या आवृत्तीत माहितीपत्रकाची फाइलच सिम्बॉलमध्ये किंवा स्किमॅटिकमध्ये अंतर्भूत करता येते. संकेतस्थळांवरचे दुवे काही वर्षांत निकामी होतात, हा अनुभव कोणाला नाही? फाइल जवळच असली की वाद मिटतो. फाइलचा आकार वाढतो हे खरे, म्हणून मी सरसकट सगळी पत्रके न घालता फक्त पायांची मांडणी फसवी असलेल्या भागांची घालते. कीकॅडचे अधिकृत ग्रंथालय स्वयंसेवक सांभाळतात, त्यासाठी नावे, आकार, रेषांची जाडी यांचे लेखी संकेत ठरलेले आहेत आणि नवी भर तपासूनच घेतली जाते. त्याचा दर्जा चांगला आहे. तरीही कारखान्याकडे जाणाऱ्या बोर्डवर मी त्यातला कोणताही फूटप्रिंट स्वतः न मोजता वापरत नाही, आणि दुसऱ्या कोणत्याही सॉफ्टवेअरबाबतही हेच सांगेन.

नवशिक्याला सर्वांत आधी अडवणारा संदेश स्किमॅटिकच्या विद्युत-तपासणीतला आहे: वीजपुरवठ्याची पिन कोणत्याही पुरवठा देणाऱ्या पिनेने चालवलेली नाही, अशा अर्थाचा. बॅटरीचा जोड समोर दिसतो, तार जोडलेली दिसते, आणि तरीही तक्रार उभी. कारण असे की, जोडाच्या पिना कीकॅडच्या लेखी निष्क्रिय असतात. त्यातून वीज येणार की जाणार हे त्याला कळायला मार्ग नाही. म्हणून त्या नेटवर पॉवर फ्लॅग नावाचे चिन्ह ठेवून ‘इथून वीज येते’ असे आपण सांगायचे. मला हे वागणे मनापासून पटते, कारण इथे सॉफ्टवेअर अंदाज न बांधता आपला हेतू विचारते. पण संदेशाची भाषा हेतू विचारल्यासारखी वाटत नाही, दोषारोप केल्यासारखी वाटते. ‘या नेटला वीज कुठून मिळते ते सांगा’ एवढे वाक्य आणि शेजारी चिन्ह ठेवण्याचे बटण दिले, तर शिकणाऱ्यांचे कितीतरी तास वाचतील. मी ज्यांना ज्यांना कीकॅड शिकवले, त्यांपैकी जवळजवळ प्रत्येकजण पहिल्या आठवड्यात याच ठिकाणी माझ्याकडे आला आहे.

एकसारखे चार किंवा आठ भाग असलेल्या बोर्डांसाठी नवव्या आवृत्तीत एका भागाची मांडणी दुसऱ्यांवर उमटवण्याची सोय आली आहे. चार सेन्सरांचे चार अॅम्प्लिफायर असलेल्या बोर्डवर मी ती वापरली. पहिला भाग मन लावून मांडला, ट्रॅक ओढले, मग तीच मांडणी इतर तिघांवर उमटवली. घटकांच्या जागा आणि ट्रॅक दोन्ही आले. स्किमॅटिकचे सिद्ध झालेले तुकडे साठवून पुढच्या प्रकल्पात वापरण्याचीही सोय आहे, परंतु या आवृत्तीत त्या तुकड्याबरोबर बोर्डवरची मांडणी येत नाही. बक कन्व्हर्टरसारख्या, म्हणजे व्होल्टेज उतरवणाऱ्या, सर्किटमध्ये खरे शहाणपण मांडणीतच असते. स्विच, डायोड आणि इनपुट कपॅसिटर यांचा फेरा किती लहान ठेवला, यावर सगळा गोंगाट ठरतो. तेव्हा स्किमॅटिक साठले आणि मांडणी सुटली, की अर्धे काम पुन्हा करावे लागते.

कीकॅडच्या फाइल साध्या मजकुराच्या असतात, ही त्याची सर्वांत मोठी ताकद आहे असे मी मानते. गिट या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात ठेवल्या की कोणी कधी काय बदलले हे ओळ-ओळ पाहता येते, आणि बदल नोंदवताना ‘का बदलले’ हेही लिहिता येते. मात्र तांब्याच्या पसाऱ्यांची भरलेली रूपरेषा बिंदू-बिंदूने त्याच फाइलमध्ये साठवली जाते. ग्राउंडच्या पसाऱ्यातून जाणारा एकच ट्रॅक अर्धा मिलिमीटर हलवला आणि पसारा पुन्हा भरला, तर शेकडो ओळी बदललेल्या दिसतात आणि खरा बदल त्यांत हरवतो. मी म्हणून दोन वेळा नोंद करते: आधी फक्त ट्रॅकचा बदल, मग पसारा भरल्यानंतरचा. भरलेली रूपरेषा वेगळ्या फाइलमध्ये ठेवण्याचा पर्याय असता, तर हा खटाटोप करावा लागला नसता. एकाच बोर्डवर दोघांनी एकाच वेळी काम करण्याची सोयही नाही. शिवाय नव्या आवृत्तीत जतन केलेली फाइल जुन्या आवृत्तीत उघडत नाही, त्यामुळे गटातल्या सर्वांनी एकाच दिवशी आवृत्ती बदलावी हे उत्तम.

सर्किटची संगणकीय चाचणी एनजीस्पाइसच्या आधारे आतच होते; फिल्टर आणि अॅम्प्लिफायर तपासायला ती पुरते. त्रिमिती दृश्य देखणे तर आहेच, पण मला त्याचा उपयोग पेटीत बोर्ड बसतो का हे पाहण्यासाठी स्टेप (त्रिमिती आकाराची) फाइल काढताना होतो. एकदा जोडाचे तोंड बोर्डच्या आतल्या बाजूला वळलेले मला तिथेच दिसले. सपाट आराखड्यात ते माझ्या नजरेतून सुटले होते.

कारखान्याकडे पाठवायच्या फाइलींचा टप्पा आता खूप सुधारला आहे. सातव्या आवृत्तीत आदेश-ओळीवरून काम करण्याचे साधन आले आणि नवव्या आवृत्तीत कामांचे संच: गर्बर, ड्रिल, घटकांची यादी, घटकांच्या जागांची फाइल, पीडीएफ हे सगळे एका कळीने, दर वेळी त्याच मांडणीत तयार होते. मला हे फार महत्त्वाचे वाटते, कारण शेवटच्या क्षणी हाताने केलेल्या कामात एखादा थर हमखास राहून जातो. गर्बर मुळात थराचे चित्र असते. कारखान्याला कोणते तांबे कोणत्या नेटचे हे त्या जुन्या रूपात कळत नाही. एक्स-दोन या विस्तारात ती माहिती जोडता येते. आयपीसी-२५८१ आणि ओडीबी++ या प्रकारांत थर, छिद्रे, घटक आणि जोडण्या एकत्र जातात, आणि कीकॅड आता हे दोन्ही प्रकार देते. म्हणजे जोडणीची माहिती कारखान्यापर्यंत पोहोचते. तयार फाइली पाठवण्यापूर्वी गर्बर पाहण्याच्या वेगळ्या साधनात उघडून एकेक थर डोळ्यांखालून घालण्याचा नेम मात्र कोणीही सोडू नये.

कोणी हे वापरू नये, हेही सांगायला हवे. एकाच बोर्डच्या अनेक प्रकारांचे व्यवस्थापन, म्हणजे याच आराखड्यात एका ग्राहकासाठी वेगळे घटक आणि दुसऱ्यासाठी वेगळे, ही सोय नवव्या आवृत्तीत तोकडी आहे. घटक ‘बसवू नये’ असे नोंदवता येते, त्यापलीकडे आपले आपण सांभाळायचे. लवचिक आणि कडक भाग एकत्र असणारे बोर्ड, किंवा अतिवेगवान मेमरी असलेले बोर्ड जिथे सिग्नलच्या लहरींचे विश्लेषण आराखड्याबरोबरच हवे, तिथे ऑल्टियम किंवा कॅडन्सच्या महागड्या साधनांना अजून पर्याय नाही. पण ईगल हे बोर्ड आखण्याचे दुसरे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी आता हलायला हवे. ऑटोडेस्कने ७ जून २०२६ नंतर ईगल बंद होणार असल्याचे जाहीर केले आहे, आणि कीकॅड पाचव्या आवृत्तीपासून ईगलच्या फाइली उघडते. आयात केल्यावर तांब्याचे पसारे नव्याने भरून, नियमांचे आकडे पुन्हा तपासून, मगच पुढे जावे. जोडण्या सहसा नीट येतात. मूळ आराखड्यात अमुक अंतर का ठेवले होते, ते मात्र आयातीत येत नाही, म्हणून जुन्या सॉफ्टवेअरची प्रत चालू आहे तोवर ती कारणे एकेका नियमाच्या नावात लिहून घ्यावीत.